काय वाचू, काय बघू, आणि तुला हे सगळं एकदम कसं काय आवडतं? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

कझिन्सचा ग्रुप, हॉस्टेलच्या पोरी, शाळेतल्या मैत्रिणी आणि आता तर एक मामी पण, सगळे फिरून फिरून मला हेच विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवत बसते, म्हणून एकदाच टाइप करून ठेवतेय. मी मूळची कराडची, सध्या पुण्यात शिकते, वाचते बऱ्यापैकी आणि बघते त्याहून जास्त. यापुढे कुणी विचारलं की हेच फॉरवर्ड होणार, रागवायचं नाही.

मी काहीच वाचत नाही गं, सुरुवात कशाने करू?

आधी हे सांग की तू बघतेस काय. सगळ्यांना एकच पुस्तक सांगणारी माणसं असतात ना, मला ती जमत नाहीत. हॉरर बघत असशील तर नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घे, कथा छोट्या असतात, रात्री एक वाचायची आणि मग बाथरूमला जायला रूममेटला उठवायचं. शाळा-कॉलेजच्या गोष्टी आवडत असतील तर मिलिंद बोकीलांची 'शाळा', 2004 ची कादंबरी आहे, नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर आणि मागे आणीबाणी चालू आहे. ती आणीबाणी पोरांच्या नजरेतून इतकी बाजूबाजूने येते की पहिल्यांदा वाचताना कळतच नाही. सायन्स फिक्शन हवं तर जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. नारळीकर सर मे 2025 मध्ये गेले तेव्हा माझ्या फीडवर ज्यांनी स्टेटस टाकले त्यातल्या निम्म्यांनी त्यांची पुस्तकं वाचली नव्हती, हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय.

आणि जाड पुस्तकाने सुरुवात करू नका. प्लीज.

मग 'मृत्युंजय'? सगळे तर म्हणतात तेच पहिलं वाच.

सगळे म्हणतात कारण सगळ्यांच्या घरात ते असतं. वाईट नाहीये, कर्णाचं प्रेम लागतंच, 1967 पासून लोक उगाच नाही वाचत, पण भाषा अलंकारिक आहे आणि ज्याला वाचायची सवय नाही तो शंभर पानांवर अडकतो आणि मग "मला वाचन जमत नाही" असं डोक्यात घेऊन बसतो. दोषच स्वतःला देतो ना माणूस. त्यापेक्षा दोन बारकी पुस्तकं संपव, संपवल्याचा एक माज येतो, त्या माजावर जाड पुस्तक निघतं.

पिक्चर बघितलाय, आता पुस्तक कशाला वाचू?

हा माझा लाडका प्रश्न आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

'छावा' पिक्चर फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि माझ्या धाकट्या भावाने, ज्याने दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, शिवाजी सावंतांची कादंबरी मागून घेतली. ती 1979 ची आहे, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीचं पुस्तक. पिक्चरमध्ये लढाया आणि शेवट लक्षात राहतो, पुस्तकात संभाजीराजांचं लहानपण आणि घरातलं राजकारण यालाच किती पानं दिलीत, आणि भाऊ तिथेच रमला, मला म्हणाला यात तर सिरियलचं पण मटेरियल आहे. मी म्हणलं कादंबरी म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे हे डोक्यात ठेवून वाच. वाचतोय.

'तुंबाड' ची तर गंमतच आहे. त्यातल्या आजीचा भाग धारपांच्या कथेवरून सुचलेला आणि पिक्चरचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून, पण पेंडशांच्या कादंबरीत ना पिक्चरमधला तो हस्तर नावाचा राक्षस ना सोन्याच्या मुद्रा, ती जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट आहे, दोन जाडजूड खंड. 2024 ला पिक्चर पुन्हा थेटरात लागला तेव्हा आमच्या हॉस्टेलवरच्या एकीने हस्तरसाठी म्हणून ते दोन्ही खंड लायब्ररीतून उचलून आणले, आणि मजा म्हणजे शिव्या देत देत पूर्ण वाचले. आता तीच सगळ्यांना रेकमेंड करते.

'दुनियादारी' चा पिक्चर 2013 चा, सुहास शिरवळकरांची कादंबरी 1982 ची. पिक्चर गाण्यांसाठी बघा, कादंबरी कट्ट्यासाठी वाचा. गोष्ट तिथलीच, त्यामुळे पुण्यात शिकत असाल तर एस. पी. कॉलेजच्या बाहेरून जाताना वेगळंच वाटतं.

आणि 'लंपन'. सोनी लिव्हवर 2024 मध्ये सिरीज आली, चांगली आहे, पण लंपन खरा राहतो तो पुस्तकातच कारण सगळी मजा त्या पोराच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत आहे. प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', या क्रमाने. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडची कानडी मिसळलेली मराठी, आणि आई-बाबा दुसऱ्या गावाला. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव आणि कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यामुळे आम्हा कराडकरांना उगाचच ते आपले वाटतात. वाटू दे की.

तुला 'कोसला' पण आवडते आणि कोरियन ड्रामा पण? नक्की टेस्ट काय तुझी?

दोन्ही. मला खरंच कळत नाही यात भांडण कुठे आहे. एक मित्र आहे, तो म्हणतो के-ड्रामा बघणाऱ्यांना नेमाडे कळूच शकत नाहीत. त्याने स्वतः कोसला साठ पानं वाचलीय.

नेमाडेंनी ती पंचविशीत लिहिली, 1963 ला आली. खान्देशातल्या गावातून पुण्याला होस्टेलवर आलेला पांडुरंग सांगवीकर, बापाशी पटत नाही, अभ्यास होत नाही, पैसे उडवतो, मेसच्या भानगडी, गॅदरिंगच्या भानगडी, आणि सगळं अशा टोनमध्ये सांगतो की हसावं का रडावं कळत नाही. पुस्तक 'शंभरातील नव्याण्णवांस' अर्पण केलंय. म्हणजे ज्याला "हे आपल्यासारख्या सामान्य माणसासाठी नाही" म्हणतात ते मुद्दाम आपल्यालाच लिहिलंय! मग ते जड साहित्य आहे असं सांगून पोरांना घाबरवतं कोण, तर ते उरलेले एक टक्का.

आणि दुसरीकडे 'रिप्लाय 1988'. सोलमधली एक गल्ली, पाच घरं, पाच पोरं. पहिल्याच एपिसोडमध्ये एका घरची भाजी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, पोरं वाट्या घेऊन नुसती पळतायत. हे बघून ज्याला 'बटाट्याची चाळ' आठवणार नाही त्याने पुलं वाचले नाहीत किंवा वाटी परत रिकामी देऊ नये हे त्याच्या आईने शिकवलेलं नाही. मी दोन्ही एकाच आठवड्यात बघितलं-वाचलं आणि एकाने दुसरं जास्त कळलं.

आमच्याकडे आवडीनिवडींची पण उतरंड लावतात ना, त्याचा मला कंटाळा आलाय. आजोबांच्या पिढीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचायचे, झुंजार आणि काळा पहाड, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने, आणि तेव्हाही ते वाचणाऱ्यांना नाकं मुरडायचेच. आमचे आजोबा त्यातूनच वाचायला लागले आणि आज घरात ज्ञानेश्वरीवर बोलायचं तर तेच बोलतात.

मांगा (म्हणजे जपानी कॉमिक्स) कुठून सुरू करू? वन पीस?

वन पीस 1997 पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झालेत आणि अजून संपलेला नाही, त्यामुळे सुट्टीत उरकू असं डोक्यात असेल तर विसर. 'डेथ नोट' घे, बारा खंडात गोष्ट पूर्ण होते, ज्याचं नाव वहीत लिहू तो मरतो एवढीच कल्पना पण बुद्धिबळासारखी खेळवलीय. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, पुस्तक "मागून" उघडायचं, हे आधीच सांगते कारण एकाने अख्खा पहिला चॅप्टर उलटा वाचून मला फोन केला होता की काही कळत नाहीये.

विकत महाग पडतात. चार जणांनी मिळून घ्या आणि फिरवा.

आईला/पप्पांना हे दाखवू का? ते म्हणतात काय ती कार्टुनं बघतेस.

दाखव, पण तुला जे सगळ्यात जास्त आवडतं ते नको, त्यांना जे आवडेल ते. माझ्या आईला अॅक्शन अॅनिमे दाखवून काय होणार होतं. तिला 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावून दिलं, दक्षिण कोरियातली श्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथला कॅप्टन तिला लपवतो. आईला इंग्लिश सबटायटल वाचायला जड जातं, तर हिंदी डबिंग लावलं. तिसऱ्या एपिसोडला तिने मला ओरडून सांगितलं की मी नसताना पुढे बघायचं नाही. सोळा एपिसोड आहेत, मालिकेसारखं पाच वर्षं चालत नाही, याचंच तिला सगळ्यात आश्चर्य वाटलं.

बदल्यात तिची मालिका पण तिच्या शेजारी बसून बघायची, फोन बाजूला ठेवून. एकतर्फी नाही चालत.

ताई, नाटक म्हणजे बोर असतं ना?

कुठलं बघितलंस? (उत्तर नेहमी असतं की शाळेने नेलं होतं.)

'संगीत देवबाभळी' बघ जेव्हा कुठे लागेल तेव्हा. तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, रंगमंचावर दोघीच, आवलीच्या पायात काटा रुतलाय आणि विठ्ठलाने रखुमाईला तिच्या सेवेला धाडलंय. दोन बायका आपापल्या नवऱ्याबद्दल बोलतात, एकीचा नवरा विठ्ठलाच्या मागे आणि दुसरीचा विठ्ठलच. प्राजक्त देशमुखला याच्यासाठी 2020 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. माझ्या शेजारी बसलेला पोरगा मैत्रिणीने ओढून आणलेला होता हे सरळ दिसत होतं, इंटरव्हलला तो चहा प्यायला पण उठला नाही.

आणि पुण्यात असाल तर पुरुषोत्तम करंडक चुकवू नका, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, 1963 पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात. नाटकाआधी सगळं थेटर "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून जे ओरडतं त्यासाठी तरी एकदा जाच, घसा बसतो दुसऱ्या दिवशी. एकांकिका कधी भन्नाट असतात, कधी अगदीच काहीच्या काही असतात आणि तुमच्याच वयाची पोरं लाइट पाडण्यापासून सेट उचलण्यापर्यंत सगळं करत असतात.

मराठी वाचू की इंग्लिश? इंग्लिश वाचलं की इंग्लिश सुधारतं म्हणतात.

अभ्यास म्हणून वाचायचं तर अभ्यासाचं वाच ना. अरुण कोलटकर दोन्हीत लिहायचे, 'जेजुरी' इंग्लिशमध्ये 1976 ला आलं आणि 'भिजकी वही' मराठीत, तिला 2005 चा साहित्य अकादमी. तोच माणूस. जेजुरी हातात घेऊन एकदा जेजुरीला जाऊन या, पुण्याहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आजकालचं कोण चांगलं लिहितं? सगळी जुनीच नावं सांगतेस.

बरोबर आहे, मान्य. देवीदास सौदागरचं 'उसवण' वाच, तुळजापूरचा आहे, स्वतः शिंपीकाम केलेला, आणि कादंबरी पण एका शिंप्याचीच, रेडिमेड कपडे आल्यावर त्याच्या धंद्याचं काय होतं त्याची. 2024 चा युवा पुरस्कार. छोटी आहे, एका बसण्यात होते. ती वाचल्यावर मी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे ड्रेस शिवायला टाकला, आता सारखं ऑनलाइन मागवायचं जरा जिवावर येतं. प्रणव सखदेवची 'काळेकरडे स्ट्रोक्स' पण बघ, तिला 2021 चा युवा. हा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्यांना असतो, त्यामुळे दर वर्षीची यादी शोधली तरी नवीन नावं आपोआप कळतात.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे दिवाळी अंक. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन' चा काढला तेव्हापासून चालू आहेत. एकाच अंकात चार-पाच अनोळखी लेखक सापडतात, आवडला तर त्याचं पुस्तक शोधायचं. विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर वेगळी वर्गणी भरली की सगळे अंक फिरवून वाचायला मिळतात. फराळ संपल्यावर पण ते चालूच राहतं, मार्चपर्यंत.

पीडीएफ आहे का गं?

नाही. असली तरी नाही.

म्हणजे फुकट हवं याला माझी ना नाही, आपण सगळे कडकेच आहोत, पण कायदेशीर फुकट पण भरपूर आहे. भारतात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 'श्यामची आई' केव्हाच मोकळी झाली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पण. विकिस्रोतवर अशी जुनी पुस्तकं बरीच चढवलेली आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठान परवानगी घेऊन ईबुकं फुकट देतं, आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक त्यांच्या साइटवर आहेत. ते 'किशोर' उघडून बसू नका परीक्षेच्या आदल्या दिवशी, एवढंच सांगते.

पण जो लेखक जिवंत आहे, नोकरी सांभाळून रात्री लिहितोय, त्याच्या पुस्तकाचा फोटो-फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, आणि मग परत आपणच म्हणायचं की मराठीत नवीन काही येत नाही.

ऑडिओबुक ऐकलं तर वाचलं म्हणायचं का?

म्हण की. कीर्तन ऐकून लोकांना तुकाराम पाठ झाले, त्यांना कुणी विचारलं का वाचला का म्हणून. पीएमटीत उभं राहून पुस्तक धरणं शक्यच नसतं, तिथे स्टोरीटेल चालतं. फक्त कविता ऐकू नका असं माझं मत, कविता परत परत मागे जाऊन बघावी लागते.

बारा वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला काय देऊ? (हा मामीचा)

मामी, फास्टर फेणे द्या. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवरून सुसाट, आणि ते "ट्टॉक"! 2017 चा पिक्चर तिने बघितला असेल, त्यात तो मोठा झालाय, पुस्तकात तिच्याच वयाचा आहे. सोबत 'चिंटू' चं एखादं पुस्तक द्या म्हणजे ती आधी ते उघडेल आणि नंतर हे. आणि "वाचलंस का, किती वाचलंस" हे विचारू नका, तुम्ही विचारणार मला माहितीये.

सुट्टीत पाचगणीला जाणार असाल तर तिला भिलारला न्या. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात, देवळात पुस्तकं मांडलीत, एका घरात बालसाहित्य, एकात कथा-कादंबऱ्या, कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. वेल्समधल्या हे-ऑन-वाय वरून कल्पना घेतलीय. स्ट्रॉबेरी पण तिथलीच.

मित्राला पुस्तक सुचवते पण कुणी वाचतच नाही. काय चुकतंय?

"वाच ना, भारी आहे" याने कुणीच वाचत नाही. मी पण नाही वाचत. पुस्तकातली एक गोष्ट सांगायची, अर्धी. 'स्मृतिचित्रे' चं मी असं सांगते: नव्वद-शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, बाईला शाळा नाही, वडिलांना सोवळ्याचं वेड, अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी, कधी घरातून उठून कुठे निघून जाईल नेम नाही, आणि एक दिवस तो ख्रिश्चन होतो आणि ही मागे. आणि हे सगळं ती हसत सांगते. मग पुढे काय झालं असं समोरचा विचारतोच, तेव्हा पुस्तक हातात द्यायचं आणि आपण निघून यायचं. आत्मचरित्र हा शब्द अजिबात उच्चारायचा नाही.

दुसरं म्हणजे देताना माणूस बघायचा. नुकतंच ब्रेकअप झालेल्याला प्रेमकथा नाही. ज्याची कंपनीची प्लेसमेंट चालू आहे त्याला कोसला तर अजिबातच नाही, तो प्लेसमेंट सोडून देईल.

आणि त्याने बदल्यात काही सुचवलं तर ते बघायचं. एका मित्राने मला क्रिकेटची एक डॉक्युमेंटरी बघायला लावली, मला क्रिकेट कळत नाही, बघितली, आणि त्यानंतर तो माझ्याकडची पुस्तकं न्यायला लागला.

आवडलं नाही तर अर्धवट सोडू का?

हो.

तुझं एखादं पुस्तक नेऊ का? कधी परत देऊ?

आजोबा कुणी पुस्तक मागितलं की "पुस्तकं वनिता वित्तं परहस्तगतं गतम्" म्हणायचे, म्हणजे दुसऱ्याच्या हातात गेलं की गेलंच. (मधला शब्द हल्ली ते गिळतात, आजीने एकदा फक्त वळून बघितलं होतं.) पण देतात. मी पण देते. नियम एवढेच: पान दुमडायचं नाही, कव्हरवर चहाचा कप ठेवायचा नाही, पेन्सिलने खुणा चालतील उलट मला आवडतात, पुढच्या माणसाला द्यायचं तर मला सांगून द्यायचं. आणि परत देताना एक वाक्य तरी बोलायचं, आवडलं नाही हे पण चालेल.

'पंखा' सध्या कुणाकडे आहे ते मला आठवत नाहीये. ज्याच्याकडे असेल त्याने किमान हो म्हणून कळवा.